बारा मशिनांचं आर्केड, आणि ती चालू ठेवणारे दोन हात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "माझ्याकडे चार पिनबॉल मशिनं आहेत, चारही १९९०च्या दशकातली. रबर बदलणं, बल्ब बदलणं, थोडंफार सोल्डरिंग जमतं. तळमजल्यावर ६०० चौरस फुटांची जागा भाड्याने मिळते आहे. आणखी आठ मशिनं घेऊन बारा मशिनांचं आर्केड सुरू करायचा विचार आहे. दर खेळामागे पैसे घ्यावेत, की प्रवेशशुल्क घेऊन हवं तितकं खेळू द्यावं? दुरुस्तीसाठी महिन्यातून एकदा बाहेरचा तंत्रज्ञ बोलावला तर भागेल का? आणि नोकरी आत्ताच सोडावी का? सध्या नोकरी सांभाळून दुरुस्तीसाठी आठवड्याला आठ-नऊ तास काढू शकतो."

तुमच्या तीन प्रश्नांना हात घालण्याआधी एक भागाकार करू, कारण तिन्ही उत्तरं त्यावरच ठरतात. लोक पैसे देऊन खेळतात अशा मशीनमागे आठवड्याला दीड तास सफाई-दुरुस्तीचा धरावा. घरातल्या मशीनला महिनोन् महिने हात लावावा लागत नाही, त्यामुळे हा आकडा फुगवलेला वाटेल. पण घरात आठवडाभरात जेवढे खेळ होतात तेवढे आर्केडमध्ये एका संध्याकाळी होतात, आणि झीज तारखेने होत नाही, खेळांच्या संख्येने होते. तुमचे नऊ तास भागिले दीड, म्हणजे सहा मशिनं. बारांना अठरा तास लागतील, म्हणजे जवळपास अर्धी नोकरीच.

म्हणून सहा मशिनांनी सुरुवात करा आणि पहिल्या वर्षी आठच्या वर जाऊ नका. बारा ठेवून चार बंद राहिली तरी चालू मशिनं आठच. भांडवल आणि जागेचं भाडं मात्र बारांचं जातं, शिवाय गिऱ्हाईक घरी जाताना लक्षात ठेवतं ते 'बंद आहे' लिहिलेले चार कागद. जागेच्या दृष्टीनेही आठ बरोबर बसतात. एका मशीनला अडीच फूट रुंदी आणि साडेचार फूट खोली लागते. खेळणाऱ्यासाठी पुढे तीन फूट आणि त्याच्या पाठीमागून जायला वाट धरली की प्रत्येकी सुमारे २५ चौरस फूट होतात. आठ मशिनांचे २००. उरलेल्या जागेत काउंटर, बसायला बाकं आणि दुरुस्तीचं टेबल. हे टेबल जागा कमी पडते म्हणून काढून टाकू नका. ज्या आर्केडमध्ये दुरुस्तीला स्वतंत्र टेबल नसतं तिथे दुरुस्ती 'नंतर' होते.

आता तंत्रज्ञाचं. महिन्यातून एकदा येणारा माणूस सर्किट बोर्डसाठी उपयोगी आहे, आर्केड चालवण्यासाठी नाही. मशीन बंद पाडणाऱ्या बहुतेक गोष्टी किरकोळ असतात: रॅम्पवर (बॉलच्या चढत्या वाटेवर) अडकलेला बॉल, वाकलेला स्विच, तुटलेलं रबर, उडालेला फ्यूज, कॉइलवरून (वीज सोडताच चुंबक होणाऱ्या वेटोळ्यावरून) निसटलेली तार. शुक्रवारी संध्याकाळी स्विच वाकला तर दहा मिनिटांच्या कामासाठी तुम्ही तीन आठवडे थांबणार नाही. या कामांपैकी पहिली तीन काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला आलीच पाहिजेत.

सगळ्यात आधी शिकायचं काम म्हणजे फ्लिपर (बटण दाबल्यावर बॉलला टोला देणारी पट्टी) पूर्ण उघडून नव्याने बांधणं. नवख्या खेळाडूला फ्लिपर कमजोर झालाय हे कळत नाही. बॉल रॅम्पवर अर्ध्यातून परत येतो, दोन-तीनदा येतो, आणि त्याला वाटतं आपल्याला हा खेळ जमत नाही. तो तक्रार करत नाही, पुन्हा येत नाही एवढंच. पिनबॉल आर्केडचं सर्वांत मोठं नुकसान असं मुकाट्याने होतं, म्हणून या एका गोष्टीवर आम्ही जरा जास्त लिहितो आहोत.

कमजोर फ्लिपरची कारणं बहुधा यांत्रिक असतात, बोर्डपर्यंत जायची वेळ क्वचित येते. कॉइलच्या आतली प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, काळ्या भुकटीने भरते किंवा उष्णतेने आकसते आणि फ्लिपर हलवणारा लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, तिच्यात घासत चालतो. प्लंजर ज्यावर आदळतो त्या कॉइल स्टॉपचं आणि खुद्द प्लंजरचं टोक हजारो ठोक्यांनी चेपून कडेला पसरतं, मग ते पसरलेलं टोक स्लीव्हमध्ये अडकायला लागतं. प्लंजरला जोडलेल्या लिंकचं भोक लांबट होतं आणि ठोक्याचा पहिला भाग त्या ढिलाईतच वाया जातो. चौथी जागा एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच. जुन्या मशिनांत फ्लिपरच्या कॉइलला दोन वेटोळी असतात, एक जोराच्या ठोक्याचं आणि एक फ्लिपर वर धरून ठेवायचं. फ्लिपर वर पोचला की हा स्विच उघडतो आणि जोराच्या वेटोळ्याचा वीजप्रवाह तुटतो. स्विचचे संपर्क काळवंडले तर फ्लिपर दुबळा होतो. स्विच उघडलाच नाही तर बटण धरून ठेवल्यावर कॉइल जळते. फ्लिपर पूर्ण वर असताना संपर्कांत दोन-तीन मिलिमीटर फट हवी. १९९२च्या आसपासपासूनच्या विल्यम्स आणि बॅली या कंपन्यांच्या मशिनांत हा स्विच बोर्डला फक्त इशारा देतो, जोराचा प्रवाह त्यातून जात नाही. तुमची मशिनं कोणत्या बाजूची आहेत ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, कारण जुन्या प्रकारात संपर्क बारीक कानशीने घासता येतात, पण नव्या प्रकारातले संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात आणि कानस लावली की कायमचे जातात.

दोन्ही फ्लिपर एकाच वेळी बांधा. एकच केला तर डावा-उजवा जोर वेगळा पडतो आणि रोजचा खेळाडू पाच मिनिटांत ओळखतो. बांधताना फ्लिपर आणि त्याच्या बुशिंगमध्ये (त्याचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यामध्ये) पाऊण-एक मिलिमीटर उभी फट ठेवा. ती नसली तर फ्लिपर घासतो, वर अडकून राहतो, आणि तुम्ही दिवसभर बोर्डमध्ये दोष शोधत बसता. जोडीला पहिल्यांदा तीन तास लागतील, सरावाने तासभर. आर्केडमध्ये फ्लिपरच्या भागांचे दोन पूर्ण संच कायम ठेवा, शिवाय वीस-पंचवीस सुट्या स्लीव्ह. स्लीव्ह हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुटा भाग आहे. कॉइलमध्ये, स्लीव्हमध्ये किंवा लिंकवर तेल किंवा स्प्रे मारू नका. तेल धूळ धरतं आणि आठवड्याभरात त्याची चिकट पेस्ट होते. हे भाग कोरडे चालण्यासाठीच बनवलेले आहेत.

सफाईचं कोष्टक तारखेवर ठेवू नका, खेळांच्या मोजणीवर ठेवा. साधारण ४०० ते ५०० खेळ झाले की काच काढायची, बॉल बाहेर काढायचे, काळी भुकटी व्हॅक्यूमने ओढायची, मशीन बंद करून आणि खिडक्या उघडून कापडावर थोडासा नॅप्था घेऊन प्लेफिल्ड (बॉल फिरतो तो लाकडी फळा) पुसायचं, मग कार्नौबा मेणाचा पातळ हात देऊन कोरड्या कापडाने घासायचं. पाणी किंवा घरगुती फवारे प्लेफिल्डवर नकोत. पाणी लाकडात शिरतं आणि खालचा रंग उचलतो. बॉल हातात घेऊन उजेडात फिरवा. २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा हा स्टीलचा गोळा आरशासारखा दिसत नसेल, त्यावर टोचे असतील, तर तो प्रत्येक खेळात प्लेफिल्डवर सँडपेपर चालवतो आहे असं समजा आणि टाकून द्या. बॉल एकमेकांना चिकटत असतील तर त्यांना चुंबकत्व आलं आहे. मग मशीनची बॉलची मोजणी चुकते आणि खेळ मध्येच लटकतो. अशा वेळी लोक सेन्सर बदलत बसतात, दोष बॉलमध्ये असतो.

काच काढण्याबद्दल एक ताकीद काउंटरवरच्या प्रत्येकाला द्या. ही टेम्पर्ड काच असते. सपाट बाजूने ती भलताच मार सोसते, पण कोपरा फरशीला लागला की क्षणात तिचे हजार तुकडे होतात. काढलेली काच नेहमी गालिच्याच्या किंवा रबराच्या तुकड्यावर, लांब कडेवर उभी ठेवायची, आणि एक काच जादा बाळगायची.

तुमची चारही मशिनं नव्वदच्या दशकातली आहेत, म्हणून आज रात्रीच बॅकबॉक्स (मशीनची मागची उभी पेटी) उघडून बॅटऱ्या बघा. विल्यम्स-बॅलीच्या त्या काळातल्या मशिनांत मुख्य बोर्डवर तीन पेन्सिल सेल असतात. ते गळले की त्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो आणि बोर्ड वाचवणं अवघड होतं. सेल बोर्डपासून दूर, खालच्या बाजूला तारेने जोडलेल्या होल्डरमध्ये हलवा, किंवा वीज नसतानाही नोंदी जपणारी, सेल लागतच नाही अशी एनव्हीरॅम चिप बसवा. त्याच वेळी दिव्यांच्या पुरवठ्याचे कनेक्टर तपासा. तपकिरी झाले असतील तर पिना आणि कनेक्टर दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. एलईडी लावल्यावर त्या कनेक्टरवरचा भार कमी होतो.

एखादी कॉइल चालू होऊन तशीच अडकली, वास आला, की आधी मशीन बंद. कॉइलला वीज सोडणारा बोर्डवरचा ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट झालेला असतो. नवा लावण्याआधी कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजा. २ ओहमच्या खाली आला तर कॉइलही गेली आहे, आणि ती तशीच ठेवलीत तर नवा ट्रान्झिस्टरही पहिल्या ठोक्याला जाईल. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नका. मशिनांना आग लागण्याचं ते जुनं कारण आहे.

विजेची जोडणी जागा ताब्यात घेतानाच नीट करून घ्या. प्रत्येक मशीनला ३०० वॅट धरा, आठांना २४०० वॅट, तेही किमान दोन वेगळ्या सर्किटवर, एसी तिसऱ्या सर्किटवर. सगळी मशिनं एकाच खटक्याने सुरू केलीत तर ट्रान्सफॉर्मरच्या सुरुवातीच्या ओढीने ब्रेकर पडतो, म्हणून एकेक करून सुरू करा. प्रत्येक मशीनची अर्थिंग मीटर लावून तपासा. जुन्या मशिनांच्या प्लगची अर्थची पिन कुणीतरी कापलेली सापडते, आणि खेळणाऱ्याचे दोन्ही हात धातूच्या पट्ट्यांवर असतात. इथे तडजोड नको.

आता पैशांचा प्रश्न. महिन्याचा ठरलेला सगळा खर्च लिहा: भाडं, वीज, विमा, परवाने, पगार, मशिनांचा हप्ता. त्यात सुट्या भागांचा निधी म्हणून एक दशांश मिळवा. आलेल्या रकमेला एका खेळाच्या दराने भागा, मग मशिनांच्या संख्येने, मग उघड्या दिवसांच्या संख्येने. हाती येतो तो एका मशीनने रोज द्यायच्या खेळांचा आकडा. रोज पाच तास दार उघडं असेल आणि एक खेळ तीन मिनिटांचा असेल, तर कागदावर मशीन शंभर खेळ देतं. मधल्या वारी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नियोजन करू नका. म्हणजे तुमचा आकडा रोज दहा-बाराच्या आत आला तर जागा परवडते. पंचवीस आला तर भाडं जास्त आहे, आणि मशिनं वाढवून ते भरून निघत नाही, कारण येणारी माणसं तेवढीच असतात.

प्रवेशशुल्क घेऊन मोकळं खेळू देण्याचा मोह समजतो: नाण्यांची कटकट नाही, नवखे लोक बिनधास्त सगळं करून बघतात. मोठ्या ठिकाणी, तीस-चाळीस मशिनांच्या, ही पद्धत उत्तम चालते. आठ मशिनांवर तिच्या दोन अडचणी आहेत. आठ मशिनांवर एका वेळी सोळा माणसं सुखाने खेळतात. विसावा माणूस पैसे देऊन आत येतो आणि रांगेत उभा राहतो. दुसरी अडचण अशी की या पद्धतीत खेळांची संख्या खूप वाढते, झीजही तेवढीच, उत्पन्न मात्र दरडोई ठरलेलं राहतं. शिवाय दर खेळामागे पैसे घेताना बंद पडलेल्या मशीनचा आकडा त्याच रात्री शून्य दिसतो. प्रवेशशुल्कात गल्ला तसाच भरलेला दिसतो, आणि लोक यायचे थांबल्यावर कळतं.

म्हणून नेहमीचे दिवस दर खेळामागे पैसे, आणि आठवड्यातली एक ठरावीक संध्याकाळ प्रवेशशुल्कावर, सोळा-अठरा माणसांपुरती, आधी नावं घेऊन. आठवड्याच्या बंद दिवशी अख्खी जागा वाढदिवसांना किंवा कार्यालयीन गटांना तासांच्या हिशेबाने द्या. हे उत्पन्न आधीच ठरलेलं असतं आणि भाड्याच्या दिवशी त्याचाच आधार होतो. नाण्यांऐवजी कार्ड किंवा क्यूआर यंत्र बसवायचं तर अवघड नाही, ते यंत्र मशीनला नाणं पडल्यासारखाच विद्युत-इशारा देतं. मात्र नाणं टाकायची सोय पूर्ण काढू नका, यंत्राचं नेटवर्क गेलं की तीच कामाला येते. कुणाचे पैसे मशीनने गिळले तर वाद न घालता लगेच कॉइन डोअर (नाण्यांचं पुढचं दार) उघडून सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे आतल्या बटणाने फुकट खेळ, द्या. ते मशीनच्या हिशेबात कमाई म्हणून धरलं जात नाही, त्यामुळे आकडे बिघडत नाहीत.

हे आकडे, म्हणजे मशीनच्या मेनूतली ऑडिट्स, दर सोमवारी वहीत उतरवा: एकूण खेळ, खेळाचा सरासरी वेळ, बक्षीस-खेळांची टक्केवारी, आणि जिथे मिळेल तिथे डाव्या-उजव्या आउटलेनने (कडेच्या, बॉल बाद होण्याच्या वाटेने) गेलेले बॉल. सरासरी वेळ अचानक वाढला तर एखादा स्विच आपोआप गुण देतोय का ते बघा. डावीकडून फारच बॉल जात असतील तर मशीन एका बाजूला झुकलं आहे. पातळी प्लेफिल्डवर ठेवून तपासा, कॅबिनेटवर नाही, आणि पायाचे नट घट्ट करा, नाहीतर धक्के बसून महिन्याभरात ते पुन्हा सरकतात. नव्वदच्या दशकातल्या मशीनचा उतार साधारण साडेसहा अंश हवा. याहून तीव्र केला की बॉल वेगवान होतो, खेळ लवकर संपतो, गल्ला वाढेल असं वाटतं. पण फ्लिपरला रॅम्प चढवणं जड जातं आणि नवखा माणूस वैतागतो. खेळ फार लांबत असेल तर उताराला हात लावू नका. आउटलेनचे खुंट एक भोक सरकवा आणि मेनूतून एक्स्ट्रा बॉलवर मर्यादा घाला.

उरलेली दोन ते चार मशिनं निवडताना स्वतःची आवड बाजूला ठेवा. तुमच्याकडे नव्वदच्या दशकातली चार आहेत, तर एक अगदी नवं घ्या, ज्याला वॉरंटी आहे आणि ज्याचं नाव येणाऱ्यांना ओळखीचं आहे. नव्याची कमाई पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते, मग उतरते, हे हप्त्याच्या हिशेबात धरा. दुसरं असं घ्या की पहिल्यांदा खेळणाऱ्याला मधोमध मोठं लक्ष्य दिसेल. अटॅक फ्रॉम मार्समधली उडती तबकडी किंवा मेडिव्हल मॅडनेसमधला किल्ला या बाबतीत आदर्श आहेत: काही न समजता मधोमध मारलं तरी काहीतरी घडतं. मूळ मशिनं १९९५ आणि १९९७ची, पण दोन्ही नव्याने बनवलेल्या रूपातही निघाली आहेत आणि सुटे भाग मिळतात. भाग मिळणं ही खरेदीची पहिली अट ठेवा. एखाद्या लहान, बंद पडलेल्या कंपनीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी त्याचा एक तुटलेला रॅम्प तुम्हाला वर्षभर थांबवू शकतो. रिळांवर गुण दाखवणारी सत्तरच्या दशकातली इलेक्ट्रोमेकॅनिकल मशिनं देखणी असतात, पण रिले जुळवणारा माणूस हाताशी असल्याशिवाय गल्ल्यासाठी घेऊ नका. आणताना कोणत्याही मशीनचे बॉल आधी काढा, पाय काढा, बॅकबॉक्स दुमडून पट्ट्याने बांधा. वजन ११० ते १२५ किलो असतं, दोन माणसं आणि पट्ट्याची ट्रॉली लागतेच.

परत येणारी माणसं मिळतात ती लीगमधून. सोळा खेळाडू, चार-चारांचे गट, एका फेरीत चार मशिनं. बाकीची मशिनं मोकळी राहतात, एखादं मध्येच बंद पडलं तर गट तिकडे हलवता येतो. एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं धरा, एका संध्याकाळी पाच फेऱ्या बसतात. स्पर्धा आंतरराष्ट्रीय फ्लिपर पिनबॉल संघटनेकडे आधी नोंदवली तर खेळाडूंना जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात, आणि त्या गुणांसाठी लोक लांबून येतात. हे खेळाडू तुमचे सर्वांत चांगले निरीक्षकही असतात. 'उजवा फ्लिपर सुस्त वाटतोय' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्याच दिवशी उघडून बघा आणि बघितलंत हे त्याला सांगा.

भाडेकरारावर सही करण्याआधी स्थानिक परवाना कार्यालयात लेखी विचारणा करा. पिनबॉलकडे कायद्याने दीर्घ काळ जुगार म्हणून पाहिलं आहे. न्यूयॉर्क शहरात तो १९४२ पासून १९७६ पर्यंत बंद होता. अनेक ठिकाणी जुने नियम आजही लागू आहेत: दर मशीनमागे परवाना, शाळेपासूनचं अंतर, अल्पवयीनांच्या वेळा. फुकट खेळ मिळणं जिथे बक्षीस समजलं जातं तिथे मेनूतून रिप्लेऐवजी, म्हणजे फुकट खेळाऐवजी, एक्स्ट्रा बॉल द्यायची सोय आहे. गॉटलीब या कंपनीने १९६० मध्ये जादा बॉल देणारी मशिनं काढली ती याच कारणासाठी. शेजारी आणि वरचा मजला यांचाही विचार करा. फुकट खेळ मिळाल्यावर लाकडावर बसणारा नॉकरचा ठोका भिंतीपलीकडे चांगलाच ऐकू जातो, पायांखाली जाड रबर घालून तो बराच कमी होतो.

आणि नोकरी. आत्ता सोडू नका. सहा मशिनांसह शुक्रवार ते रविवार उघडा, सोमवारी ऑडिट्स उतरवा, मंगळवार-बुधवार दुरुस्ती. मधल्या वारी उघडायला काउंटरवर एक माणूस लागेल, त्याला आधी काच काढणं, अडकलेला बॉल सोडवणं आणि सर्व्हिस क्रेडिट देणं शिकवा. सलग सहा महिने दोन गोष्टी जुळल्या, म्हणजे भाडं-वीज-पगार गल्ल्यातून निघाले आणि सुट्या भागांच्या निधीला हात न लावता तो वाढत राहिला, तर सातवं आणि आठवं मशीन घ्या. आठही चालू ठेवताना आठवड्याचे बारा तास तुम्हाला कमी पडू लागले की मग राजीनाम्याचा विचार करा. भाडेकरार तोवर शक्य तितक्या छोट्या मुदतीचा ठेवा, आणि त्यात तळमजल्याच्या दाराची रुंदी ३० इंचांपेक्षा कमी नाही ना, हे टेप लावून मोजून घ्या.